ज्या दगडाला आम्ही ‘नवा’ म्हटले

‘आपा, हा दगड कुठल्याच पुस्तकात नाही,’ असे म्हणत त्या मुलाने रुमालाची गाठ सोडली. मधली सुट्टी संपायला पाच मिनिटे होती. मुलगा आठवीचा, वर्गात फारसा न बोलणारा. रुमालात मूठभर आकाराचा दगड होता. खालची बाजू आपल्या खानदेशात कुठल्याही विहिरीतून निघतो तसा काळा पाषाण आणि वर मधाच्या रंगाचे, टोकदार, काचेसारखे स्फटिक. खिडकीतून आलेल्या उन्हात ते असे चमकले की बाकीची मुले डबे तसेच टाकून भोवती जमली.

त्याचे अब्बू ट्रॅक्टरवरच्या कॉम्प्रेसरने विहिरीत सुरुंगाची भोके पाडण्याचे काम करतात. जामनेर तालुक्यात एका शेतात विहीर चालू होती. चाळीस फुटांच्या खाली सुरुंग उडाल्यावर कातळात एक पोकळी निघाली. आत हात घातला तर सगळीकडे टोचणारी टोके. मालकाने ‘गारगोट्या आहेत, घेऊन जा’ म्हटले, म्हणून अब्बूंनी एक घमेलेभर घरी आणल्या.

आम्ही शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो. दगडांचे ज्ञान आमच्याकडे नाही. पण काही दिवसांपूर्वीच आम्ही पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणीतल्या निळ्या खनिजाबद्दल वाचले होते, आणि डोक्यात तेच घोळत होते. पुस्तकातल्या चार चित्रांशी हा दगड जुळला नाही, एवढ्यावर आम्ही ठरवून टाकले. दुसऱ्या दिवशी परिपाठाला त्या मुलाला पुढे बोलावले, माईक हातात घेतला आणि साडेतीनशे मुलांसमोर सांगितले की आपल्या शाळेच्या विद्यार्थ्याने एक नवीन खनिज शोधून काढले आहे. टाळ्या झाल्या. मुलाची मान पहिल्यांदा वर झालेली आम्ही पाहिली.

खरे कारण लपवण्यात अर्थ नाही. मजुराच्या घरातल्या, उर्दू शाळेतल्या आमच्या मुलांचे नाव एखाद्या चांगल्या गोष्टीसाठी पुकारले जावे, ही आमची जुनी इच्छा. त्या दिवशी इच्छा पुढे धावली आणि चौकशी मागे राहिली.

पुढे जे घडले ते आम्हाला पंधरा दिवसांनी कळले. दगड विकत घेणारा बाहेरगावचा एक व्यापारी मोटारसायकलवर त्या मुलाच्या घरी आला होता. सगळ्या घमेल्याचे तीन हजार रुपये देत होता. अब्बूंनी नकार दिला. ‘शाळेतल्या आपांनी सांगितलंय, हा नवा दगड आहे. नवा असेल तर त्याची किंमत लाखात असणार.’ व्यापारी हसला आणि निघून गेला. घमेले खाटेखाली राहिले. पावसात घर गळाले तेव्हा सामान इकडचे तिकडे करताना ते कलंडले आणि चांगल्या तुकड्यांची टोके तुटली. टोक तुटलेल्या स्फटिकाला बाजारात भाव नसतो. व्यापारी पुन्हा आला नाही.

याच दरम्यान आमचे विज्ञानाचे सहकारी प्रशिक्षणाहून परतले. त्यांनी दगड हातात घेतला, काही बोलले नाहीत, आणि प्रयोगशाळेतून सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाची बाटली आणली. तुटलेल्या एका टोकावर तीन थेंब टाकले. लगेच फेस आला, सोड्यासारखा. मग चाकूच्या टोकाने ओरखडा काढला, सहज निघाला. नंतर तो तुकडा दोऱ्याने काट्याला टांगून हवेत तोलला, सत्तावीस ग्रॅम. पाण्यात बुडवून तोलला, सतरा ग्रॅम. वजन दहा ग्रॅमने घटले. सत्तावीसला दहाने भागले की २.७.

‘कॅल्साइट,’ ते म्हणाले. ‘चुनखडी ज्या पदार्थाची असते तोच हा, फक्त नीट वाढलेला. जगात सगळ्यात जास्त सापडणाऱ्या खनिजांपैकी एक.’

सगळे मिळून दहा मिनिटे लागली. ही दहा मिनिटे आम्ही परिपाठाच्या आधी दिली नव्हती.

त्या रात्री इशानंतर झोप आली नाही. सूरह बनी इस्राईलमध्ये ज्या गोष्टीचे ज्ञान नाही तिच्या मागे लागण्याची मनाई आहे आणि कान, डोळे, हृदय या सर्वांचा जाब विचारला जाईल असे बजावले आहे, हे आम्ही मुलांना किती वेळा शिकवले असेल! अफवा, निंदा, मोबाईलवर आलेला मजकूर पुढे पाठवणे, यासाठी ती आयत आम्ही नेहमी सांगतो. दगडालाही ती लागू होते हे ध्यानात आले नव्हते.

मग आम्ही वाचायला बसलो. खरोखर नवे खनिज म्हणजे काय? ते कोण ठरवते? आपल्या मुलुखात असे कधी सापडले का? त्या वाचनात जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवतो, कारण अशी गारगोटी आपल्यापैकी अनेकांच्या घरी कपाटात असते.

आपला खानदेश ज्या काळ्या पाषाणावर उभा आहे तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून वाहिलेल्या लाव्ह्याचा आहे. धुळे आणि नंदुरबारच्या बाजूला जमिनीतून भिंतींसारखे सरळ रेषेत वर आलेले कातळ दिसतात. त्या याच लाव्ह्याने भरलेल्या भेगा, भोवतालचा मऊ खडक झिजला आणि त्या उभ्या राहिल्या. लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले आणि पोकळ्या राहिल्या. नंतर गरम, क्षारयुक्त पाणी त्या पोकळ्यांत झिरपत राहिले आणि फार सावकाश आतल्या भिंतींवर स्फटिक वाढले. झिओलाइट गटातली खनिजे, अॅपोफिलाइट, कॅल्साइट, गारा हे सगळे असेच तयार झाले. सावदा आणि जामनेर ही नावे परदेशातल्या संग्रहालयांत आणि संग्राहकांच्या कपाटांत चिठ्ठ्यांवर लिहिलेली आढळतात. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात गेलात तर आपल्याच विहिरींच्या पोटात काय दडले आहे ते पाहून थक्क व्हाल.

पण सुंदर असणे वेगळे आणि नवे असणे वेगळे. वाघोलीच्या त्या निळ्या खनिजाचेच उदाहरण घ्या. त्याचे नाव कॅव्हनसाइट. आज जगात त्याचे उत्तम नमुने वाघोलीचेच मानले जातात. तरी शोधाचा मान वाघोलीचा नाही. ते प्रथम १९६७ मध्ये अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात ओवायही धरणाजवळ सापडले आणि १९७३ मध्ये तीन शास्त्रज्ञांनी त्याचे रीतसर वर्णन छापले. कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिकेट या शब्दांची अक्षरे जोडून त्याचे नाव झाले. त्याच वेळी त्यांनी दुसरेही एक निळे खनिज वर्णिले, पेंटागोनाइट. दोघांत घटक तेच, प्रमाणही तेच. मग दोन नावे का? कारण आतली बांधणी वेगळी. त्याच विटा, तेवढ्याच विटा, पण एकीकडे खोली बांधली आणि दुसरीकडे कमान. दगड कशाचा आहे हे कळून भागत नाही, त्याचे अणू कसे रचले आहेत हेही दाखवावे लागते. हे काम क्ष-किरणांनी होते आणि ती विद्या १९१२ नंतर जगाला मिळाली.

आज कुणाला वाटले की आपल्याला नवे खनिज मिळाले आहे, तर त्याला काय काय करावे लागते? रासायनिक विश्लेषण, स्फटिकाची रचना, कठीणपणा, घनता, प्रकाश त्यातून कसा जातो, नेमके कुठे सापडले, सोबत कोणती खनिजे होती, असे सगळे मांडून आंतरराष्ट्रीय खनिजशास्त्र संघटनेच्या आयोगापुढे प्रस्ताव ठेवावा लागतो. हा आयोग १९५९ पासून हे काम करतो. निरनिराळ्या देशांचे सदस्य तपासून मत देतात. मंजुरीआधी नाव जाहीर करायचे नसते. स्वतःचे नाव खनिजाला देता येत नाही. हयात माणसाचे द्यायचे तर त्याची संमती लागते. आणि ज्या नमुन्यावरून वर्णन केले तो नमुना संग्रहालयात ठेवावा लागतो, म्हणजे पुढे कुणालाही शंका आली तर तो पुन्हा तपासता यावा. या चाळणीतून गेलेली खनिजे आज सहा हजारांहून थोडी जास्त आहेत. पृथ्वीच्या मानाने हा आकडा लहान आहे. आम्ही मात्र माईकवर त्यात एकाची भर घालून मोकळे झालो होतो.

हा आयोग नव्हता, क्ष-किरणांनी रचना पाहण्याची विद्याही नव्हती, त्या काळात आपल्या शेजारच्या खाणींत एक माणूस हेच काम करत होता. त्याची हकीकत आम्हाला सगळ्यात जास्त भिडली.

लुईस लीह फर्मोर हा इंग्रज तरुण १९०२ मध्ये, बावीस वर्षांचा असताना, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात रुजू झाला. तेव्हा नागपूर, भंडारा, बालाघाट, छिंदवाडा या पट्ट्यात मँगेनीजच्या खाणी नुकत्याच सुरू झाल्या होत्या. पोलादासाठी मँगेनीज लागते. फर्मोर त्या खाणीखाणीतून हिंडला. धुळ्याहून उत्तरेला सातपुडा आणि नर्मदा ओलांडली की झाबुआचा मुलूख लागतो, तिथल्या काजलीडोंगरीच्या खाणीतही तो गेला. १९०६ मध्ये त्याने तिथल्या दोन खनिजांना नावे दिली. काळ्या, चकचकीत मँगेनीज खनिजाला हॉलंडाइट, सर्वेक्षणाचे तेव्हाचे संचालक टी. एच. हॉलंड यांच्या नावाने. आणि निळसर रंगाच्या दुसऱ्याला विंचाइट, ज्यांनी ते खनिज प्रथम पाहिले त्या हॉवर्ड विंच यांच्या नावाने. पुढे १९०९ मध्ये त्याने भारतातल्या मँगेनीजवर हजाराहून अधिक पानांचा ग्रंथ लिहिला.

त्याने आणखीही नावे दिली होती. नागपूर जिल्ह्यातल्या बेलडोंगरीच्या खाणीतले एक चुंबकाला ओढले जाणारे खनिज त्याला नवे वाटले. सहकारी व्रेडेनबर्ग यांच्या नावावरून त्याला व्रेडेनबर्गाइट म्हटले. छिंदवाड्याकडच्या सीतापार गावच्या खाणीतल्या खनिजाला गावाच्या नावावरून सीतापाराइट म्हटले. त्याच सीतापारमधून दुसरे एक खनिज निघाले, त्याला १९१० मध्ये लंडनच्या दोन शास्त्रज्ञांनी खुद्द फर्मोरचे नाव दिले, फर्मोराइट.

आता पुढचे ऐका. १९४० च्या दशकात न्यूझीलंडचे ब्रायन मेसन यांनी क्ष-किरणांच्या मदतीने ही खनिजे पुन्हा तपासली. सीतापाराइट म्हणजे १८९७ मध्ये अमेरिकेतल्या यूटामधून वर्णिलेले बिक्सबाइटच निघाले. आधीचे नाव राहते, नंतरचे जाते, म्हणून सीतापारचे नाव गेले. व्रेडेनबर्गाइट तर एक खनिज नव्हतेच. जेकबसाइट आणि हाउसमनाइट ही दोन खनिजे थंड होताना एकमेकांत विणली गेली होती आणि डोळ्यांना एकच वाटत होती. पुढे २०१० मध्ये अॅपेटाइट गटाची नावे नव्याने लावली गेली तेव्हा फर्मोराइट हे नावही वगळले गेले. ज्याने इतरांच्या नावाने दगड अजरामर केले, त्याच्या स्वतःच्या नावाचा दगड राहिला नाही.

पण हॉलंडाइट राहिले. १९५० मध्ये त्याची रचना उलगडली तेव्हा कळले की त्याच्या आत अणूंचे बोगदे आहेत आणि त्या बोगद्यांत बेरियमसारखे मोठे अणू बसतात. १९७० च्या दशकाच्या अखेरीस ऑस्ट्रेलियात रिंगवुड या शास्त्रज्ञाने अणुभट्टीचा घातक कचरा कोंडण्यासाठी सिनरॉक नावाचा कृत्रिम दगड तयार केला. त्यात सीझियम पकडून ठेवण्यासाठी हॉलंडाइटचीच बांधणी वापरली. झाबुआच्या खाणीतल्या एका काळ्या ढेकळाचे नीट वर्णन झाले होते, म्हणून ते सत्तर वर्षांनी कामी आले.

आम्हाला या हकीकतीतून दोन गोष्टी मिळाल्या. एक, चूक थोरांचीही होते. फर्मोर अडाणी नव्हता, त्याच्या हाती जी साधने होती ती त्याने पुरेपूर वापरली. त्याचे नमुने आणि नोंदी जपलेल्या होत्या म्हणूनच चूक सापडली आणि दुरुस्त झाली. त्याची चूक आणि आमची चूक यांत हाच फरक. तो सगळे तपासून चुकला, आम्ही काहीच न तपासता.

दुसरी गोष्ट मनाला टोचणारी आहे. या नावांत संचालक आहेत, सहकारी आहेत, खाणवाले आहेत. ज्यांनी घणाने तो दगड फोडला त्या काजलीडोंगरीच्या आणि बेलडोंगरीच्या मजुरांपैकी एकाचेही नाव नाही. पहिला हात तर त्यांचाच लागला असणार.

इथे आम्हाला आपला इस्नाद आठवला. हदीसच्या विद्वानांनी कुठलेही कथन नुसते मजकुरावरून स्वीकारले नाही. हे कुणाकडून ऐकले, त्याने कुणाकडून, ते दोघे खरेच भेटले होते का, त्यांची स्मरणशक्ती कशी होती, हे सगळे तपासले. साखळीत एक कडी निखळली तर मजकूर कितीही सुंदर असो, त्याचा दर्जा खाली येतो. दगडाचेही तसेच आहे. कोणत्या गावाच्या, कोणत्या विहिरीतून, किती फुटांवरून, कोणाच्या हातून हा निघाला, हे सांगता आले नाही तर विद्येच्या दृष्टीने तो अनाथ. कितीतरी जुन्या नमुन्यांवर नुसते ‘पूना’ लिहिलेले असते, मग तो घाटातला असो की मैलभर दूरचा. व्यापारीही पुष्कळदा आपली जागा इतरांना कळू नये म्हणून गावाचे नाव सांगत नाहीत. एका कडीवाचून साखळीच तुटते.

आणि तपासून पाहण्याची सवय? तीही आपल्या घरातली आहे, बाहेरून उसनी आणायला नको. अबू रैहान अल-बिरूनी यांनी सुमारे हजार वर्षांपूर्वी ‘किताब अल-जमाहिर’ हा रत्ने आणि धातूंवरचा ग्रंथ लिहिला. अठरा रत्ने आणि धातू यांची घनता त्यांनी पाण्याच्या साह्याने मोजली आणि त्यांचे आकडे आजच्या आकड्यांच्या फार जवळ आहेत. आमच्या सहकाऱ्यांनी काट्याला दोरा बांधून जे केले त्याचे मूळ तत्त्व हेच, पदार्थ आपल्या आकाराएवढे पाणी बाजूला सारतो. त्या काळी सगळीकडे समजूत होती की पाचू पाहिला की साप आंधळा होतो. मोठमोठ्या पुस्तकांत तसे लिहिलेले होते. अल-बिरूनी यांनी सापाच्या गळ्यात पाचूची माळ घातली, त्याच्या अंगाखाली पाचू पसरले, डोळ्यांपुढे हलवले. थंडीत, उन्हाळ्यात, असे नऊ महिने. सापाच्या डोळ्यांना काही झाले नाही, आणि त्यांनी तसे लिहून ठेवले. आजही आपल्या वस्त्यांत अमुक रंगाच्या खड्याने नजर उतरते, तमुक खड्याने रोजी वाढते असे सांगून अंगठ्या विकल्या जातात. विकणाऱ्याला कुणी नऊ महिन्यांचा हिशोब विचारत नाही.

इमाम मालिक (रह.) यांच्याबद्दल सांगतात की दूरवरून प्रवास करून आलेल्या माणसाच्या बहुतेक प्रश्नांना त्यांनी एकच उत्तर दिले, ‘ला अद्री’, मला माहीत नाही. मदीनेचे इमाम असे म्हणू शकतात. खानदेशातल्या शाळेतली एक शिक्षिका मधल्या सुट्टीत एका मुलाला ‘बेटा, मला माहीत नाही, विचारून सांगते’ म्हणू शकली नाही. आम्हाला वाटले असते मुलाचा हिरमोड होईल. प्रत्यक्षात हिरमोड झाला तो नंतर, आणि कितीतरी मोठा.

एका रविवारी आम्ही त्या मुलाच्या घरी गेलो. अब्बू कामावरून येऊन हातपाय धूत होते. अम्मींनी चहा ठेवला. आम्ही सगळे सांगितले. आम्ल, फेस, कॅल्साइट, आणि हेही की आम्ही न तपासता बोललो. तीन हजारांचा विषय काढला. आम्ही भरून देतो म्हटले. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ‘आपा, पैसे नकोत. तुम्ही काही खोटं बोलला नव्हता. माहीत नसलेलं बोललात. पण पोरगा गल्लीत सगळ्यांना सांगत फिरला. आता त्यालाच लोक खोटा म्हणतील. तुम्ही जितक्या मोठ्यानं ते सांगितलं होतं, तितक्याच मोठ्यानं हे सांगा.’

न्याय यापेक्षा सरळ शब्दांत आम्ही ऐकलेला नाही.

सोमवारी परिपाठाला आम्ही पुन्हा माईक घेतला. तो मुलगा रांगेत उभा होता. सांगितले की दगड नवा नाही, तो कॅल्साइट आहे, आणि ही चूक विद्यार्थ्याची नव्हे, आमची आहे. त्याने जे केले ते बरोबरच होते. त्याने एक गोष्ट नीट पाहिली, ती पुस्तकात शोधली, मिळाली नाही म्हणून विचारायला आला. विचारायला आलेल्याला आम्ही चुकीचे उत्तर दिले. साडेतीनशे मुले शांत होती. टाळ्या वाजल्या नाहीत. वर्गात परतल्यावर सातवीतली एक मुलगी जवळ येऊन म्हणाली, ‘आपा, मग तो फेस आम्हालाही दाखवा ना.’

त्याच आठवड्यात विज्ञानाच्या सरांनी सगळ्या वर्गांना तो फेस दाखवला, आणि आम्ही एक जाड नोंदवही आणली. पहिल्या पानावर उर्दूत आणि मराठीत रकाने आखले. क्रमांक, तारीख, गाव, विहीर की खदान, किती खोल, दगडासोबत काय होते, कोणी काढला, कोणी आणला. ओळख हा रकाना शेवटचा, आणि तो पेन्सिलने भरायचा. क्रमांक एकवर तोच दगड आहे. ‘कोणी काढला’ इथे अब्बूंचे नाव आहे, ‘कोणी आणला’ इथे मुलाचे. दगड अब्बूंनीच शाळेला दिला. टोके शाबूत असलेला तो एकच उरला होता. आज वहीत एकेचाळीस नोंदी आहेत. नवे खनिज एकही नाही. सात रकाने अजून कोरे आहेत, आणि ते कोरे ठेवायला मुले आता लाजत नाहीत.

वाचक भगिनी-बंधूंनो, तुमच्या घरी, शेतात, विहिरीच्या ढिगाऱ्यात असा दगड मिळाला तर एवढे करा. आधी कागदावर जागा आणि तारीख लिहा आणि कागद दगडासोबतच ठेवा. धुवायचा तर साध्या पाण्याने, हलक्या हाताने धुवा. घरी आम्ल आणू नका, ते काम शाळेतल्या विज्ञान शिक्षकांचे. चाकूने ओरखडा काढून पाहायचा तर मागच्या, तुटलेल्या बाजूला. चाकूने ओरखडा उठला नाही आणि उलट दगडानेच काचेवर ओरखडा पडला, तर बहुधा ती गार. विकायचा असेल तर जरूर विका, हलालची कमाई आहे, पण घाईने नाही आणि कुणाच्या ऐकीव गोष्टीवरही नाही. कापसात गुंडाळून ठेवा, खाटेखाली घमेल्यात नको. आणि मुलांना सुरुंग उडालेल्या विहिरीत किंवा खदानीत कधीही उतरू देऊ नका. न उडालेला बार आत राहिलेला असू शकतो. कुठलाही दगड मुलाच्या जिवापेक्षा मोलाचा नाही.

सूरह फातिरमध्ये डोंगरांतल्या पांढऱ्या, लाल आणि गडद काळ्या पट्ट्यांचा उल्लेख येतो, आणि लगेच पुढे ज्ञान असलेल्यांच्या मनात अल्लाहचे भय असते असे येते. आधी आम्ही हे दोन भाग वेगवेगळे वाचत होतो. दगड पाहून ‘सुब्हानल्लाह’ म्हणायचे आणि पुढे जायचे. आता वाटते, ते भय दगडाबद्दल बोलतानाही असायला हवे. अल्लाहने जे निर्माण केले त्याविषयी आपण काय सांगतो, ते खरे आहे का, याचे भय.

त्या मुलाने या वर्षी दहावीचा फॉर्म भरला. परवा विचारत होता, क्ष-किरणांनी दगड तपासण्याचे शिक्षण कुठे मिळते. आम्ही म्हटले, ‘बेटा, मला नीट माहीत नाही. विचारून सांगते.’ आणि खरेच विचारत आहोत.

ते तीन हजार रुपये अब्बूंनी घेतले नाहीत. आमच्या हिशोबात मात्र ते अजून बाकी आहेत. अल्लाह आम्हाला जिभेआधी डोळे आणि हात वापरण्याची समज देवो. आमीन.